लहान मुलांसह परदेशी निघताना: आधी थांबण्याची तयारी

पहिल्यांदा मुलाला घेऊन परदेशी निघालो तेव्हा तो १४ महिन्यांचा होता. त्याआधी महिनाभर आमच्या पोटात एकच गोळा: विमानात रडला तर? प्रत्यक्षात विमानात तो चांगला झोपला. आमची वाट लागली ती मधल्या विमानतळावर. बाबागाडी आम्ही विमानाच्या दारात सोपवली होती आणि उतरल्यावर ती दारातच मिळेल असं धरून चाललो होतो. तिच्यावरचा टॅग शेवटच्या मुक्कामाचा होता, हे दोघांपैकी एकानंही वाचलं नव्हतं. पुढच्या विमानाला पाच तास होते. ते झोपलेलं १० किलोचं पोर आलटूनपालटून खांद्यावर घेत आम्ही ते काढले.

नंतर मुलगी झाली, आणखी प्रवास झाले. दर वेळी नाकी नऊ आले ते कुठेतरी थांबावं लागलं तेव्हाच. रांगेत, मध्ये विमान बदलताना म्हणजे कनेक्शनला, सामानाच्या पट्ट्यापाशी, नाहीतर पहिल्या रात्री हॉटेलच्या खोलीत. मुलं चालत्या गाडीत रमतात, खोळंबली की बिथरतात. म्हणून पुढे जे लिहिलंय ते खोळंबा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, आणि ज्या कामाला जास्त दिवस लागतात ते आधी, अशा क्रमानं.

तीन-चार महिने आधी: कागद

बाळ कितीही तान्हं असलं तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईवडिलांच्या पासपोर्टवर मुलाचं नाव चढवून भागायचं ते दिवस जवळपास सगळीकडे संपले. युरोपीय संघात तर २६ जून २०१२ पासूनच. मुलांच्या पासपोर्टची मुदतही मोठ्यांपेक्षा कमी असते. अमेरिका आणि ब्रिटन १६ वर्षांखालच्या मुलांना ५ वर्षांचाच पासपोर्ट देतात. शिवाय अनेक देशांना तुम्ही पोचता त्या दिवशी पासपोर्टची ६ महिने मुदत शिल्लक लागते. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकच व्हिसा चालतो त्या युरोपातल्या देशांसाठी, तिथून निघायच्या तारखेपुढे ३ महिने. म्हणजे पाच वर्षांचा पासपोर्ट हिशेबात साडेचार वर्षांचाच धरा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रवासाला निघणारे पालक नेमके इथे फसतात: आपला पासपोर्ट बघतात, मुलाचा बघत नाहीत.

तान्ह्याचा पासपोर्ट फोटो हे एक वेगळंच प्रकरण आहे. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, आणि चौकटीत दुसऱ्या कोणाचा हातही दिसता कामा नये. मान न धरणाऱ्या बाळाला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवायच्या भानगडीत पडू नका. खिडकीजवळ जमिनीवर पांढरी चादर सुरकुत्या काढून अंथरा, बाळाला उताणं निजवा आणि त्याच्या बरोबर वर उभं राहून फोटो काढा. आपली सावली तोंडावर पडत नाही ना, एवढं बघा. दूध पिऊन दहा-पंधरा मिनिटं झालेली वेळ सगळ्यात बरी. त्याआधी बाळ भुकेलं असतं आणि त्यानंतर झोपलेलं. आम्हाला चाळीसेक फोटोंत एक धड मिळाला.

व्हिसाचंही तेच. कडेवरच्या बाळालाही वेगळा अर्ज भरावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी १२ वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत आणि ६ वर्षांखालच्यांना शुल्क नसतं, पण अर्ज मात्र पूर्ण भरायचा. तो प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांनीही निश्चिंत राहू नये. अमेरिकेला व्हिसाशिवाय जाता येणाऱ्या देशांच्या नागरिकांना 'एस्टा' ही ऑनलाइन परवानगी प्रत्येक माणसामागे घ्यावी लागते, आणि दोन महिन्यांचं बाळ हाही एक माणूसच.

आईवडिलांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल, किंवा मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर न जाणाऱ्या पालकाचं संमतिपत्र बरोबर हवं. त्यात मुलाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, कुठे राहणार तो पत्ता आणि संमती देणाऱ्याचा फोन नंबर लिहा आणि ते नोटरी करून घ्या. काही देशांत ते सक्तीचं आहे, काही ठिकाणी फक्त सुचवलेलं. विचारलं नाही तर पत्र परत घरी येईल, बिघडलं काही नाही. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखलाही हातातल्या पिशवीत ठेवा. सीमेवरचा अधिकारी मुलाला थेट विचारतो, "या कोण?" तीन वर्षांची मुलं अशा वेळी काहीही सांगतात.

विमा काढताना मुलाचं नाव पॉलिसीत स्वतंत्र आहे का ते वाचून बघा. पूर्वीपासून दमा, फिट्स असं काही असेल तर लपवू नका.

तिकीट काढताना

बहुतेक विमान कंपन्या २ वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेऊ देतात आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के घेतात. वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजलं जातं. जाताना २३ महिन्यांचं असलेलं मूल प्रवासात दोन वर्षांचं झालं, तर येताना त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. मांडीवरच्या बाळाचंही नाव तिकिटावर लागतं. "काउंटरवर सांगू" म्हणून जाऊ नका.

मांडीवरचं तिकीट स्वस्त खरं, पण सुरक्षित म्हणाल तर स्वतंत्र सीटवर बांधलेली, मुलांना गाडीत बसवायची कार सीटच. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा हेच सांगते: जोराचे धक्के बसले की हातात मूल धरून ठेवणं कोणालाही जमत नाही. कार सीट विमानात वापरायची तर तिच्यावर विमानात चालते असं लिहिलेलं लेबल हवं. पाठ नसलेलं बूस्टर, म्हणजे मुलाला नुसतं उंच बसवणारी बैठक, विमानात चालत नाही.

मांडीवरच नेणार असाल तर बॅसिनेटसाठी तिकीट काढल्याबरोबर फोन करा. बॅसिनेट म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा. त्या जागा मोजक्याच असतात आणि प्रत्येक कंपनीची वजनाची मर्यादा वेगळी, बहुतेकदा १० किलोच्या आगेमागे. या जागेचे तोटे कोणी सांगत नाही ते मी सांगतो. पुढे सीट नसल्यामुळे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही, सगळं वर कप्प्यात जातं. सीटच्या हातांमध्ये टेबल दडवलेलं असल्यामुळे ते वर होत नाहीत, म्हणजे आडवं होऊन झोपायची सोय गेली. आणि पट्टा बांधायचा दिवा लागला की झोपलेलं बाळ उचलून घ्यावंच लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला ही जागा उत्तम. चालायला लागलेल्याला नको. दोन पालक आणि मांडीवरची दोन बाळं असतील तर चौघांना एका ओळीत लागून जागा मिळत नाहीत, कारण सीटच्या एका गटावर ऑक्सिजनचा सहसा एकच मास्क जादा असतो.

आता कनेक्शन. एकट्या माणसाला सव्वा तास पुरतो. दोन मुलांना तेवढ्यात एकदा बाथरूमला नेऊन होतं. मी किमान अडीच-तीन तास ठेवतो, आणि सगळी उड्डाणं एकाच तिकिटावर घेतो. दोन वेगळी तिकिटं काढून थोडे पैसे वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर नवं तिकीट आपल्या पदरचं. मुलं झोपतील म्हणून रात्रीचं विमान सगळे सुचवतात. लांबच्या प्रवासाला ते खरं आहे, फक्त त्या रात्री आपण झोपणार नाही हे गृहीत धरून दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका.

दीड महिना आधी: डॉक्टर

निघायच्या ४ ते ६ आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, कारण काही लशींना दोन डोस लागतात आणि अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. गोवर हा प्रवासात सर्रास भेटणारा आजार. नेहमीच्या वेळापत्रकात त्याची लस उशिरा असली तरी परदेश प्रवासासाठी ती ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला लवकर देता येते. हा डोस जादाचा असतो, पहिल्या वाढदिवसानंतरचे नेहमीचे डोस द्यावेच लागतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराची (यलो फीवर) लस लागते. ती सहसा ९ महिन्यांनंतर देतात, तिचं प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. डासांचा त्रास असलेल्या भागात जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांबद्दल विचारा. डीट हे रसायन असलेलं डासांचं औषध २ महिन्यांखालच्या बाळाला लावत नाहीत, त्याला मच्छरदाणीच.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा, कारण ती रात्री दोन वाजता उपयोगी पडते. तापाचं तेच औषध देशोदेशी वेगळ्या तीव्रतेचं मिळतं. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या पॅरासिटामॉलच्या ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, अमेरिकेत १६०. इतरत्र ५ मिलीत २५० मिलिग्रॅमची बाटलीही मिळते. अमेरिकेत त्याचं नावही बदलतं, ॲसिटामिनोफेन. घरच्या सवयीनं "एक चमचा" दिलात तर डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून आपली बाटली, आपलं मोजमाप, आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरात मुलाचं वजन व मिलिग्रॅममधला डोस बरोबर ठेवा. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव परदेशात कोणी ओळखत नाही. सर्दीच्या औषधांपासून सावध राहा. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) असलेलं औषध जपानमध्ये नेताच येत नाही.

ओआरएसची पाकिटं घ्या आणि एक पाकीट किती पाण्यात, ते पाकिटावर वाचून ठेवा. काही १ लिटरची असतात, काही २०० मिलीची.

विमानात झोप यावी म्हणून ॲलर्जीचं औषध द्यावं का, हा प्रश्न प्रत्येक पालक कुजबुजत विचारतो. देऊ नका. काही मुलं त्यानं झोपण्याऐवजी तासन् तास उड्या मारतात, आणि लहान बाळांच्या श्वासाला ते धोक्याचंही असतं. कान दुखत असेल किंवा सर्दी मुरली असेल तर निघण्याआधी कान तपासून घ्या.

हातातली पिशवी

मोठ्या बॅगेबद्दल मला विशेष काही सांगायचं नाही. कपडे कमी घ्या, जगात सगळीकडे ते धुता येतात. लक्ष द्यायचं ते हातातल्या पिशवीकडे.

आधी तास मोजा. विमानातले नाहीत, घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे. दर दोन तासांना एक डायपर, वर सहा जादा. हे जादाचे सहा आमच्यासाठी एकदा रात्रभर धावले, कारण विमान धावपट्टीवरून परत आलं आणि मोठं सामान विमानाच्या पोटातच राहिलं.

मग ते डायपर एकत्र ठेवू नका. प्रत्येक वेळचा वेगळा संच बनवा. झिपच्या पारदर्शक पाकिटात एक डायपर, थोडे ओले वाइप्स, अंगावरचा एक जोड आणि घाण कोंबायला एक प्लास्टिकची पिशवी. विमानातल्या बाथरूमचं बदलायचं टेबल कमोडच्या वर उघडतं. ते उघडल्यावर तिथे पिशवी ठेवायला जागाच उरत नाही. एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं भल्यामोठ्या पिशवीत वाइप्स शोधणं काय असतं, ते एकदा करून बघितलंत की पाकिटांचं महत्त्व पटतं. एका पाकिटावर आपलं नाव लिहा आणि त्यात स्वतःचा टी-शर्ट ठेवा. बाळ उलटी करतं ते आपल्या अंगावर.

द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा २००६ साली आली आणि अजूनही अनेक विमानतळांवर आहे, पण बाळाचं दूध, पावडर कालवायचं पाणी आणि बाळाचं खाणं यांना बहुतेक ठिकाणी सूट असते. ते वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणीआधीच सांगा. अमेरिकेत काढलेलं आईचं दूध तर बाळ बरोबर नसतानाही नेता येतं. पावडर प्रत्येक बाटलीपुरती घरीच मोजून ठेवा.

खाऊ कोरडा, न वितळणारा, आणि हळूहळू संपणारा घ्या. उतरायच्या आधी उरलेला संपवा किंवा फॉर्मवर जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये पिशवीत विसरलेल्या एका फळालाही जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो, ऑस्ट्रेलियाही तितकाच कडक. "मुलाचं होतं" हे कारण तिथे चालत नाही.

खेळणी अशी की जी आवाज करत नाहीत आणि सीटखाली घरंगळत नाहीत. स्टिकरची वही आणि रंगीत कागदी चिकटपट्टी, एवढ्यावर आमची मुलगी दोन तास बसली: पट्टी टेबलावर चिकटवायची, सोलायची, पुन्हा चिकटवायची. सगळं एकदम बाहेर काढू नका. एक काढा, कंटाळा आला की ते आत आणि दुसरं बाहेर. कार्टून आधी डाउनलोड करा आणि विमान मोड लावून एकदा तपासा. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. सहसा १०० वॉट-तासांपर्यंतची नेता येते.

आणि ते एक मळकं खेळणं, ज्याच्याशिवाय झोप येत नाही. त्याची जागा पिशवीत ठरलेली हवी आणि प्रत्येक ठिकाण सोडताना आधी ते मोजायचं, मग पासपोर्ट.

विमानतळ आणि विमान

बाबागाडी दारात देताना टॅग वाचा आणि स्पष्ट विचारा: "मधल्या विमानतळावर मिळेल की शेवटी?" काही विमानतळांवर ती दारात मिळतच नाही. अशा वेळी कापडी झोळी किंवा कॅरिअर जवळ असला की हात मोकळे राहतात. सुरक्षा तपासणीत गाडी घडी करून पट्ट्यावर टाकावी लागते, म्हणून तिच्या खालच्या जाळीत काही ठेवू नका. ती एका हातानं मिटायची सवय घरीच करा.

निघायच्या दिवशी सकाळी मुलांचा त्याच कपड्यांतला फोटो काढा. हरवलं तर "निळा शर्ट होता बहुतेक" असं सांगायची वेळ येत नाही. मनगटावर आपला नंबर देशाच्या कोडसकट लिहा.

कुटुंबांना विमानात आधी बोलावतात तेव्हा सगळ्यांनी धावू नका. एकानं सामान घेऊन आत जावं आणि जागा लावावी. दुसऱ्यानं मुलांना बाहेर पळू द्यावं आणि शेवटी चढावं. दार बंद होईपर्यंतचा तो अर्धा तास मुलांच्या पायांतून काढून घेतलेला बरा.

कान दुखतात ते मुख्यतः विमान खाली येताना. बाहेरचा दाब वाढतो आणि नाकामागून कानाकडे जाणारी नळी मुलांमध्ये अरुंद असल्यामुळे आतला दाब लवकर जुळत नाही. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून बाटली किंवा अंगावरचं दूध उतरण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा. मोठ्या मुलांना स्ट्रॉनं घोट घोट पाणी द्या. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी मधूनमधून चालू ठेवा.

रडेल. शेजाऱ्यांकडे बघून एकदा ओशाळं हसा आणि मग फक्त मुलाकडे बघा.

पहिली रात्र

टॅक्सीसाठी कार सीटची सोय आधी ठरवा. देशागणिक नियम निराळे आहेत. ब्रिटनमध्ये खासगी गाडीत १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर ती लागते. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर. हॉटेलला पाळण्याबद्दल लेखी विचारा. खोलीत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आधी गुडघ्यांवर बसून एक फेरी मारा: खिडकीची कडी, पडद्याची दोरी, किटलीची वायर.

शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे गेल्यावर जास्त कुरकुरतं. सकाळी मुलांना उन्हात न्या, दुपारची झोप दीड-दोन तासांत मोडा. तरीही पहिल्या रात्री तीन वाजता मूल टक्क जागं होतं. आमच्या मुलीला तेव्हा खेळायचंच होतं आणि बाजूला मुलगा गाढ झोपला होता. शेवटी बाथरूममधल्या कोरड्या टबात टॉवेल अंथरला, दार लोटलं, मंद दिवा ठेवला आणि कागदी पेले तिच्यापुढे मांडले. पाचपर्यंत ती पेले एकावर एक रचत होती आणि मी टबाच्या कडेला डोकं टेकून बसलो होतो. तेव्हापासून आमच्या बॅगेत एक 'तीन वाजताचा डबा' असतो: थोडा खाऊ, पाणी, आवाज न करणारं एखादं खेळणं. स्क्रीन मात्र नाही, तिच्या उजेडानं रात्र आणखी लांबते.

पुढचे दोन दिवस तिकीट काढून बघायचं काहीच ठरवू नका. एखादी बाग, एखादं दुकान, बस. परतीच्या आदल्या संध्याकाळी डायपरची पाकिटं पुन्हा मोजून भरा, मळकं खेळणं पांघरुणात गुंडाळलेलं नाही ना ते बघा, आणि खाऊचा डबा उंचावर ठेवा.